पितळी माशाचा होकार

"सरका, सरका! माशाला वाट द्या!"

सहकारी घाण्याच्या वजनखोलीबाहेर मुंगी शिरायला जागा नव्हती. ऑलिव्हच्या पोत्यांवर माणसं, हातगाड्यांवर माणसं, आणि एका गाढवावर तर दोन म्हाताऱ्या पाठीला पाठ लावून बसलेल्या. ताजं तेल, धूप आणि जेवणातला लसूण यांचा एकच दरवळ सुटला होता. त्या गर्दीतून दोन्ही हातांवर मासा तोलत गावचा मांत्रिक बाबा, सीदी लझर, येत होता, अगदी वरातीतल्या नवरदेवाच्या थाटात. मासा पितळी, हातभर लांब. तोंड वर उचललेलं आणि शेपूट जाडजूड, खाली वाकलेलं.

आत वजनकाट्याशेजारचा कॉम्प्युटर थांबला होता. पडदा चालू, पण हूं नाही की चूं नाही. काट्यावर पोतं ठेवा, उतरवा, पुन्हा ठेवा, पावती काही येत नव्हती. आणि पावतीशिवाय घाण्यात ऑलिव्ह पडत नव्हते. स्फॅक्स बंदराच्या त्या पंचक्रोशीत हंगाम ऐन भरात आलेला, पोती ताटकळली की तेल आंबट होणार. सकाळी सगळं सुरळीत चालायचं. जेवणं उरकून दुसरी शिफ्ट सुरू झाली, की मात्र यंत्राला रोज हा झटका यायचाच.

"मासा असो तुझ्यावर!" गर्दीने एका सुरात यंत्राला आशीर्वाद दिला. त्या किनाऱ्यावर नवं बाळ असो, नवं घर असो की नवी मोटार, दृष्ट लागू नये म्हणून हेच म्हणायचं असतं.

सीदी लझरने डोळे मिटले, दाढी कुरवाळली आणि घसा साफ केला.

"बरकूक! ए बरकूक! सात समुद्रांखालच्या लबाड जिन्ना! निघ बाहेर! वायर सोड, चिप सोड! हार्ड डिस्कमध्ये असशील तर हार्डमधून निघ, सॉफ्ट डिस्कमध्ये असशील तर सॉफ्टमधून निघ! वायफायमध्ये दडला असशील तर वाय सोड आणि फाय घेऊन चालता हो!"

"अहाहा!" गाढवावरची म्हातारी म्हणाली. "किती शिकलेला माणूस आहे!"

मग सीदीने मासा कीबोर्डवर ठेवला, तोंड समुद्राकडे करून. मासा त्याच जागी का, तर उघड आहे: यंत्राचं तेवढंच अंग सपाट होतं. आणि खरं सांगायचं तर त्या कीबोर्डला माशाखेरीज दुसरं कुणी शिवतही नसे. घाण्याचे प्रमुख सी खमैस यांचा कायदाच होता: शेतकऱ्याने आपलं कार्ड ते वाचणाऱ्या खोक्यावर टेकवायचं, पोतं काट्यावर ठेवायचं, पावती घ्यायची आणि निघायचं. तेलकट बोट कीबोर्डला लागलं तर बोट जागेवर राहणार नाही. त्यासाठी त्यांनी कीबोर्डवर प्लास्टिकही घट्ट ताणून बसवलं होतं. यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचीही सोय नव्हती; हंगामाच्या सुरुवातीला एकाने तसं केलं तेव्हा काट्यावरच्या पोत्याचं वजन हरवलं होतं आणि दोन चुलतभावांनी एकमेकांची टोपी फाडली होती.

मासा टेकला. यंत्र खोकलं. खर्रर्र करत पावती बाहेर आली.

बायकांनी जिभा वळवून असा काही जल्लोष केला की गाढव दोन्ही म्हाताऱ्यांसकट बाजूला झालं. लोक माशाचे मुके घेऊ लागले. सीदीला रोजच्याप्रमाणे पहिल्या धारेच्या तेलाचा डबा मिळाला. मशिदीतले इमामसाहेब सांगून सांगून थकले होते की बाबांनो, असलं काही धर्मात नाही. पण तेल निघत होतं ना, मग त्यांचं कोण ऐकतो!

एकटी हेदिया टाळ्या वाजवत नव्हती. ती कुंपणाबाहेर उभी होती, कारण तिला आत यायला बंदी होती. गंमत म्हणजे यंत्रातला प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. राजधानीत शिकून, तिथली नोकरी नाकारून ती आईसाठी गावात परतली होती, आणि गावात तिच्याजोगतं काम एवढं एकच होतं. पहिल्यांदा यंत्र अडलं तेव्हा ती मामेबहिणीच्या लग्नाला गाबेसला गेली होती. ती परत येईपर्यंत मासा येऊन, बसून, पूज्यही झाला होता. हेदियाने "मला जरा बघू तर द्या" म्हटलं, आणि सीदी लझरला कळून चुकलं की ही पोरगी आपल्या डब्यावर उठणार. दुसऱ्याच दिवशी त्याने जाहीर केलं, "जिन्न या पोरीच्या प्रेमात पडलाय! हिचा हात लागला की तो लाजतो, लाजला की यंत्रात लपतो!"

झालं. हेदिया कुंपणाबाहेर. आणि उद्या दुपारी घाण्याची समिती बसणार होती: हेदियाला कायमचा नारळ, आणि सीदी लझर यंत्राचा रखवालदार.

घरी तिची आई वसीला मासे साफ करत बसली होती. हेदियाने दप्तर आदळलं.

"आई, उद्या माझी नोकरी जाणार. मला पुन्हा राजधानीत जावं लागणार. आणि तू इथे एकटी."

वसीलाने सुरी खाली ठेवली. "आधी मला सांग, हा जिन्न करतो काय? नोकरीबिकरी आहे का त्याला?"

"आई!"

"अगं, चौकशी नको का करायला? तिशी जवळ आली तुझी. घरचे कसे आहेत? समुद्राखाली राहतात म्हणजे दमट असणार."

हेदियाला इतक्या रागातही हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही हसण्याचं नव्हतं. वसीलाने हात धुतले आणि लेकीला जवळ घेतलं.

"रडू नकोस. तो लझर लहानपणी माझ्या वर्गात होता. बेरीज करताना बोटं मोजायचा आणि तीही चुकायची. त्याच्याने जिन्न काय पळणार! काहीतरी साधंच असणार बघ. मी आज पुढे घुसून नीट पाहिलं. मासा ठेवला, तोंड समुद्राकडे. तोंड तर अधांतरीच असतं. टेकतं ते फक्त शेपूट."

"कुठे टेकतं?"

"त्या काळ्या पाटीवर. उजव्या अंगाला, मोठ्ठं बटण आहे ना, वाकडं, बुटासारखं—"

हेदिया ताडकन उठली. "एंटर!"

"काय ते असेल."

"आई, एंटर! पण माझा प्रोग्रॅम तर कीबोर्डकडून काही मागतच नाही! मग एंटरची वाट कोण बघतंय?" ती खोलीभर फिरू लागली. तिने आपला लॅपटॉप उघडला, घाण्याचा प्रोग्रॅम चालवला, पहिली शिफ्ट सुरू केली. चालली. दुसरी सुरू केली. थांबली! लॅपटॉपही तस्साच, हूं नाही की चूं नाही. तिने एक बोट उचललं आणि एंटर दाबलं. चालली!

"जिन्न आपल्या घरी आलाय गं आई!" हेदियाने आईचे दोन्ही हात धरून चक्क फुगडी घातली. एक मासा खाली पडला, मांजराने तो पळवला, आणि कुणालाही त्याचं वाईट वाटलं नाही.

"अगं, मला समजेल असं सांग तरी!"

"ऐक. मी मोठ्या प्रोग्रॅमच्या हाताखाली एक छोटा ठेवलाय. शिफ्ट सुरू झाली की मोठा त्याला पाठवतो: जा, आतापर्यंतच्या वजनांची एक जादा प्रत काढून ठेव. छोटा परत येईपर्यंत मोठा हातावर हात ठेवून बसतो."

"तुझा मामा लग्नात बसतो तसा."

"अगदी तसा! सकाळी छोटा जातो, प्रत काढतो, तिला आजच्या तारखेचं नाव देतो आणि येतो. दुपारी पुन्हा जातो. बघतो तर आजच्या तारखेची प्रत आधीच ठेवलेली! मग बिचारा विचारतो, ही पुसून टाकू का? हो असेल तर एंटर दाबा."

"मग पडद्यावर दिसत का नाही ते?"

"कारण पडद्यावर त्याची बडबड नको म्हणून मीच त्याचं तोंड बांधलं होतं. तोंड बांधलं आणि कान मात्र उघडा ठेवला! हाताखालच्या प्रोग्रॅमला वेगळा कान दिला नाही ना, तर त्याला मोठ्याचाच कान मिळतो. म्हणजे कीबोर्ड. छोटा कीबोर्डला कान लावून बसलाय, मोठा छोट्यासाठी बसलाय, आणि अख्खं गाव त्या दोघांसाठी बसलंय!"

"आणि मासा?"

"मासा 'हो' म्हणतो!"

वसीला पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. मग एकदम थांबली. "म्हणजे पोरी, चूक तुझीच की."

हेदियाची फुगडी जागेवर विरली. उन्हाळ्यात तिने तपासणी केली ती एकच शिफ्ट धरून; दुसरी तर हंगाम भरात आल्यावर, गेल्या आठवड्यात सुरू झाली. दुसरीत काय होईल हे तिने पाहिलंच नव्हतं. "माझीच."

"हे उद्या सगळ्यांसमोर बोलशील? जिन्नापायी काढलं तर लोक कीव करतील. चुकीपायी काढलं तर नावं ठेवतील."

हेदियाने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "नावं ठेवू देत."

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र बरोबर अडलं. समितीची माणसं खुर्च्या टाकून बसली होती, गर्दी कालच्या दुप्पट. सीदी लझरने मासा समुद्राकडे तोंड करून ठेवायला हात उचलले, तेवढ्यात उंबऱ्यापाशी हेदिया उभी राहिली.

"सी खमैस, एक विनंती आहे. मी आत येत नाही, यंत्राला हात लावत नाही. माशालाही लावत नाही. फक्त त्याच्याखालचा कीबोर्ड तुम्ही उलटा फिरवा. डावी बाजू उजवीकडे."

"हा अपमान आहे!" सीदी गरजला. "मासा समुद्राकडेच बघणार!"

"बघू दे की! मासा जिथल्या तिथे ठेवा. जिन्नाला पळवायला मासा लागतो की कीबोर्डची उजवी बाजू, एवढंच बघायचंय. माझं खोटं ठरलं तर मी स्वतःहून नोकरी सोडते, समितीला त्रास नको."

सी खमैस हट्टी होते, पण तराजूचा माणूस. दोन्ही पारडी समोर आल्याशिवाय त्यांना करमत नसे. त्यांनी हात साबणाने धुतले, पुसले, वास घेतला, पुन्हा पुसले आणि कीबोर्ड फिरवला. "ठेव रे लझर."

मासा टेकला. कीबोर्डच्या कोपऱ्यात एक इवलासा हिरवा दिवा लागला.

"दिवा! दिवा!" गर्दी उसळली. "जिन्न निघाला!"

"तो कॅप्स लॉकचा, मोठ्या अक्षरांच्या बटणाचा दिवा आहे!" हेदिया ओरडली. "पावती आली का बघा!"

पावती नव्हती. सीदीने बरकूकला हाक मारली. मग त्याच्या बापाला, मग त्याच्या आज्याला. धुपाने सी खमैस शिंकू लागले. यंत्र ढिम्म.

"हिची सावली उंबऱ्यावर पडलीय!" सीदी म्हणाला. हेदिया चार पावलं मागे गेली. यंत्र ढिम्म. "अजून दिसतेय ना त्याला! प्रेमिक आहे तो!" हेदिया पोत्यांच्या ढिगाआड जाऊन बसली आणि तिथून ओरडली, "आता दिसतेय का?"

"आवाज येतोय!" सीदी म्हणाला, आणि पहिल्यांदाच गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाजूला हो रे लझर," म्हणत वसीला पुढे आली. तिच्या पिशवीतून एक ताजा बोई मासा निघाला, सकाळीच बंदरावरून आणलेला. "तुझा मासा पितळेचा. हा खराखुरा समुद्राचा. सी खमैस, पाटी सरळ करा."

"लल्ला वसीला!" सी खमैसांनी छातीवर हात ठेवला. "ओला मासा? कीबोर्डवर?"

"वरून प्लास्टिक आहे ना! तुम्हीच घातलंय."

सी खमैसांनी डोळे मिटून कीबोर्ड सरळ केला. वसीलाने बोईची शेपटी धरून त्या बुटासारख्या बटणावर एकच थापटी दिली.

खर्रर्र! पावती.

सवयीने बायकांनी जल्लोष सुरू केला आणि मध्येच त्यांच्या जिभा अडखळल्या. गाढवावरची म्हातारी म्हणाली, "म्हणजे हाही सीदी का?"

"हा संध्याकाळी तळायचा आहे," वसीला म्हणाली.

मग जो हशा पिकला, त्याने पत्रे हलले. बटणावर ठेवायला कुणी लिंबू पुढे केलं, कुणी चप्पल काढली. एका पोराच्या बापाने पोरालाच उचललं. "आमचा हमादी ठेवून बघा, तोही दुपारी झोपतो!" सीदी लझर घाम पुसत म्हणाला की जगातले सगळे मासे त्याचेच शिष्य आहेत. पण ते ऐकायला कुणी थांबलंच नाही.

"हेदिया," सी खमैस म्हणाले. "आत ये."

हेदिया आत गेली. ती खुर्चीवर बसली. तिने छोट्या प्रोग्रॅमचं बांधलेलं तोंड सोडलं आणि सी खमैसांना शिफ्ट पुन्हा सुरू करायला सांगितली. यंत्र थांबलं. पण या वेळी पडद्यावर एक ओळ उमटली. सी खमैसांनी चष्मा नाकावर ओढून ती मोठ्याने वाचली.

"आजची प्रत आधीच आहे. पुसून टाकू का? हो असेल तर एंटर दाबा."

हशा विरला.

"अरे, म्हणजे हा रोज विचारत होता?" मागून कुणीतरी म्हणालं.

"रोज," हेदिया म्हणाली. "आणि रोज दुपारी मासा 'हो' म्हणत होता. कशाला हो, ते ना माशाला ठाऊक, ना सीदीला, ना आपल्याला. मूळ वजनं शाबूत आहेत, घाबरू नका. पण प्रश्न दुसरा कुठला असता तरी मासा 'हो'च म्हणाला असता."

सी खमैस सावकाश वळले. "लझर, माझ्या सकाळच्या वजनांची प्रत पुसायला तू रोज होकार देत होतास? वर माझंच तेल घेऊन?"

सीदी लझर म्हणाला की बरकूक त्याला तातडीने बोलावतोय. मासा काखेत मारून तो इतक्या चपळाईने निसटला की गाढवसुद्धा बघत राहिलं.

हेदियाने मग सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे घडलं माझ्या चुकीने. मी हाताखालच्याला मोठ्याचा कान तसाच राहू दिला. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक कोरडी विहीर असते. तिला कान लावला की तिथल्या तिथे कळतं, इथून काही यायचं नाही. मग कुणी ताटकळत बसत नाही. आता छोट्याचा कान त्या विहिरीला लावते. कीबोर्ड फक्त मोठ्याचा. दुपारच्या प्रतीला दुपारचं वेगळं नाव देते, म्हणजे पुसण्याचा प्रश्नच नको. आणि त्याचं तोंड आता कायमचं मोकळं."

तिने चार ओळी बदलल्या. सी खमैसांनी शिफ्ट पुन्हा सुरू केली. काट्यावर पोतं चढलं. खर्रर्र! मासा नाही, धूप नाही, जिन्न नाही. दुसरं पोतं. खर्रर्र!

समितीतले एक गृहस्थ उठले. "पण मुलीने स्वतःच कबूल केलंय, चूक तिची. म्हणजे आठवडाभर गावाचे ऑलिव्ह खोळंबले ते हिच्यामुळेच. मग काढायचं ना हिला?"

गर्दीत कुजबुज झाली. वसीलाचा चेहरा उतरला. हेदिया खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"काढायचं तर काढा. पण काल यंत्रात जिन्न होता, तेव्हा तुम्ही काय करू शकत होता? त्याचे मुके घेणं आणि त्याला तेल देणं, एवढंच. आज ती माझी चूक आहे. चूक माणसाची असली की माणसाला पकडता येतं, जाब विचारता येतो, चूक दुरुस्तही करून घेता येते. जिन्नाला कुणी जाब विचारलाय का?"

गाढवावरची म्हातारी, जिचं पोतं आत्ताच वजन होऊन घाण्यात पडलं होतं, ती म्हणाली, "अहो, पोरगी चुकली तर मी तिच्या आईकडे जाऊन भांडेन. जिन्न चुकला तर कुणाच्या आईकडे जाऊ?"

सी खमैसांनी समितीकडे पाहिलं आणि समितीने सी खमैसांकडे. "बस खाली," ते हेदियाला म्हणाले. "रांग मोठी आहे."

हेदिया बसली. वसीला सगळ्यांदेखत रडली आणि त्याची तिला मुळीच लाज वाटली नाही. संध्याकाळपर्यंत घाणा अखंड चालला. पुढचं कार्ड खोक्यावर टेकवायला जो येईल त्याला हेदिया एकच गोष्ट सांगत होती, हसत, आणि तरी अगदी मनापासून:

"यंत्र पुन्हा अडेल, काका. माणसाने केलेलं आहे, अडणारच. अडलं की मला हाक मारा, शिव्या द्या, काही करा. पण त्याच्यावर काहीही ठेवण्याआधी एवढं विचारा, की ते वाट कशाची बघतंय? प्रश्न ऐकल्याशिवाय 'हो' म्हणू नका."